चिठ्ठीपासून गोळीपर्यंत : रुग्णालयातला संगणक चूक कुठे अडवतो आणि नवी कुठे घडवतो

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या हातावर सकाळी आठ वाजता सिस्टर जी गोळी ठेवतात, ती तिथे पोहोचेपर्यंत निदान चार जणांच्या हातांतून गेलेली असते. राउंडवर आलेले मोठे डॉक्टर औषध तोंडी सांगतात, निवासी डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात, सिस्टर ते औषधांच्या चार्टवर उतरवून घेतात, फार्मसीतला माणूस चिठ्ठी वाचून पाकीट काढून देतो आणि शेवटी त्या वेळी पाळीवर असलेल्या, बहुतेकदा वेगळ्याच, सिस्टर ते रुग्णाला देतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर तीच माहिती कोणीतरी नव्याने ऐकतो, वाचतो किंवा लिहितो आणि तितक्या वेळा ती बदलण्याची शक्यता निर्माण होते. आरोग्यसेवेतल्या माहिती तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा ॲपची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीच अधिक होते. या तंत्रज्ञानाने रुग्णाचे नेमके भले कसे होते हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र चिठ्ठीपासून गोळीपर्यंतची ही साधी वाट पाहावी. तिचा अभ्यास तीसएक वर्षे बारकाईने झालेला आहे आणि त्यातले यशही नोंदलेले आहे, फजितीही.

बॉस्टन शहरातील ब्रिगहॅम अँड विमेन्स आणि मॅसॅच्युसेट्स जनरल या दोन मोठ्या रुग्णालयांत १९९३ मध्ये सहा महिने चार हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या औषधांवर लक्ष ठेवले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांमुळे झालेली जी इजा टाळता आली असती, तिच्या मुळाशी असलेल्या चुकांपैकी ५६ टक्के चुका औषध लिहून देतानाच झाल्या होत्या आणि ३४ टक्के ते प्रत्यक्ष रुग्णाला देताना झाल्या होत्या. उतरवून घेताना आणि फार्मसीत होणाऱ्या चुकांचा वाटा त्यामानाने लहान होता. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लिहिताना झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के चुका पुढे कोणाच्या तरी नजरेस पडून रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच अडल्या; देताना झालेली चूक मात्र एकही अडली नाही, कारण त्यानंतर पाहणारे कोणी उरलेलेच नसते. संगणकाचा पहारा कुठे हवा, हे या आकड्यांवरून ठरले : एक पहारा चिठ्ठी लिहिली जाते तिथे आणि दुसरा रुग्णाच्या खाटेशी.

पहिला पहारा म्हणजे डॉक्टरांनी औषधाची सूचना कागदावर न लिहिता थेट संगणकात भरणे. ब्रिगहॅममध्ये ही पद्धत सुरू केल्यावर, ज्या गंभीर चुका मध्येच कोणाच्या लक्षात येऊन अडत नाहीत, त्या ५५ टक्क्यांनी घटल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. यामागे फार हुशार यंत्रणा होती असे नाही. कागदावर औषधाचे नाव लिहून डोस लिहायचा राहून जाऊ शकतो. संगणक मात्र डोस किती, तो तोंडावाटे द्यायचा की शिरेतून, आणि दिवसातून किती वेळा, हे रकाने भरल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. अक्षर लागत नाही ही फार्मसीची नेहमीची तक्रार उरत नाही. ‘१.०’ मधला टिंब पुसट उमटून एकाचे दहा मिलिग्रॅम होण्याची भीती उरत नाही. शिवाय भरलेली सूचना त्याच क्षणी फार्मसीत आणि सिस्टरांच्या चार्टवर जशीच्या तशी दिसत असल्यामुळे मधली उतरवाउतरव संपते. माझ्या मते या साऱ्या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी कौतुक झालेला फायदा हाच आहे, की एकदा नोंदलेली माहिती दुसऱ्या कोणाला पुन्हा लिहावी लागत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे जे गणित डॉक्टरांना येते पण करायला सवड मिळत नाही, ते संगणकाने करून देणे. रक्ततपासणीत क्रिॲटिनिन नावाचा एक आकडा असतो. मूत्रपिंडे रक्त किती चांगले गाळत आहेत, याचा अंदाज त्यावरून करतात. समजा, दोन रुग्णांच्या रिपोर्टवर हा आकडा १.१ असाच आला आहे. त्यांतला एक पंचवीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा तरुण आहे आणि दुसऱ्या आहेत पंचाहत्तर वर्षांच्या, पंचेचाळीस किलो वजनाच्या आजी. नुसता आकडा पाहिला तर दोघांतही घाबरण्यासारखे काही दिसत नाही. मात्र वय, वजन आणि लिंग लक्षात घेणाऱ्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या सूत्रात तो घातला, तर तरुणाच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे १०२ मिलिलिटर येते आणि आजींची जेमतेम ३१. अमिकासिनसारखे जे प्रतिजैविक मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते, ते तरुणाच्या हिशेबाने आजींना देत राहिले तर शरीरात साचत जाते आणि मूत्रपिंडांना व कानांना इजा करू शकते. चाळीस रुग्णांच्या राउंडमध्ये प्रत्येकासाठी हे सूत्र मांडत बसणे कोणालाही शक्य नसते. प्रयोगशाळेचा आकडा, रुग्णाचे वय आणि ताजे वजन एकाच प्रणालीत असेल, तर अमिकासिनचे नाव निवडताच आजींच्या मूत्रपिंडांना झेपेल असा डोस पडद्यावर येऊ शकतो. यासाठी आजींचे वजन खरोखर करून नोंदलेले असावे लागते, ही अट मात्र बोलण्याइतकी सोपी नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे वजन करण्याचा काटा प्रत्येक वॉर्डात असतोच असे नाही, आणि मग ‘अंदाजे ५०’ असे लिहून वेळ मारून नेली जाते.

दुसरा पहारा खाटेशी असतो. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्ट्यावर एक बारकोड आणि औषधाच्या पाकिटावर दुसरा. सिस्टर दोन्ही स्कॅन करतात आणि रुग्ण, औषध, डोस व वेळ यांपैकी काही जुळत नसेल तर यंत्र तिथल्या तिथे थांबवते. ब्रिगहॅममध्येच चौदा हजारांहून अधिक वेळा औषध देताना प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१० मध्ये याचा निकाल मांडला गेला. वेळेच्या मागेपुढे होण्याचा भाग वगळता देण्यातल्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या आणि उतरवून घेण्यातल्या चुका पूर्णपणे थांबल्या. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी पट्टा असतो, त्यावर नावही असते, पण औषधाच्या एकेका गोळीवर बारकोड नसतो. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपवर एकच असतो आणि गोळी कापून काढली की तो कचऱ्यात जातो. एकेक गोळी वेगळ्या, बारकोड असलेल्या पाकिटात भरून देण्याचे काम रुग्णालयाच्या फार्मसीला स्वतः करावे लागते आणि या पद्धतीचा खरा खर्च तिथे असतो.

बारकोड आला म्हणजे प्रश्न मिटला, असेही झाले नाही. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांच्या २००८ मधल्या पाहणीत सिस्टरांनी शोधून काढलेल्या पंधरा प्रकारच्या पळवाटा नोंदवल्या गेल्या. रुग्णाच्या पट्ट्याची जादा प्रत काढून ती दुसरीकडेच ठेवणे आणि तीच स्कॅन करणे, किंवा औषध आधी देऊन नंतर स्कॅन करणे, अशा त्या होत्या. यावर शिस्तीचा बडगा उगारणे सोपे असते. पण पळवाटांच्या मागची कारणे पाहिली तर स्कॅनरची बॅटरी उतरलेली, पट्टा भिजून बारकोड वाचता न येणारा, यंत्राची गाडी खोलीच्या दारातून आत न जाणारी अशी होती. झोपलेल्या रुग्णाला उठवून, चादरीखालचा हात काढून पट्टा स्कॅन करायचा, तोही रात्री तीन वाजता आणि तीस खाटांच्या वॉर्डात, तर माणूस जवळची वाट शोधणारच. ज्या प्रणालीत पळवाटा फार सापडतात, तिथे आधी प्रणाली तपासावी, सिस्टरांना नोटीस नंतर द्यावी.

आता एक प्रसंग जरा सविस्तर पाहू. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात तो २०१३ च्या जुलैमध्ये घडला आणि रुग्णालयाने तो झाकून न ठेवता पुढे तपशिलासह प्रसिद्ध होऊ दिला, हे विशेष. दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या सोळा वर्षांच्या एका मुलाला मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी दाखल केले होते. संसर्ग होऊ नये म्हणून तो घरी सेप्ट्रा या सल्फा गटातल्या औषधाची एक गोळी दिवसातून दोनदा घेत असे आणि रुग्णालयातही तीच चालू ठेवायची होती. या औषधाचा डोस ज्या घटकावरून मोजतात, तो एका गोळीत १६० मिलिग्रॅम असतो. चाळीस किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी डोस ‘दर किलोला इतके मिलिग्रॅम’ याच एककात भरावा, असा तिथे नियम होता आणि मुलाचे वजन ३८.६ किलो होते. निवासी डॉक्टरांनी किलोला पाच मिलिग्रॅम असे भरले. संगणकाने १९३ मिलिग्रॅम हे उत्तर काढले आणि तेवढ्याची गोळी नसल्यामुळे १६० ची सुचवली. डॉक्टरांनी ती स्वीकारली. इथपर्यंत सगळे बरोबर होते.

मात्र काढलेला डोस आणि प्रत्यक्षातली गोळी यांत पाच टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर फार्मासिस्टने डॉक्टरांकडून सूचना नव्याने भरून घ्यावी, असा आणखी एक नियम होता. हा नियमही सुरक्षिततेसाठीच केलेला. फार्मासिस्टने निरोप पाठवला, डॉक्टरांनी तो पडदा पुन्हा उघडला आणि रकान्यात १६० असे टाइप केले. शेजारच्या रकान्यातले एकक मात्र आधीचेच राहिले होते : दर किलोला मिलिग्रॅम. १६० गुणिले ३८.६ म्हणजे ६,१७६ मिलिग्रॅम, आणि त्याच्या गोळ्या होतात सुमारे साडेअडतीस.

पडद्यावर जादा डोसचा इशारा आला. दिवसभरात येणाऱ्या इतर इशाऱ्यांपेक्षा तो दिसायला वेगळा नव्हता, आणि डॉक्टरांनी तो बाजूला सारला. सूचना फार्मासिस्टकडे परत गेली. त्यांनाही इशारा आला आणि तोही बाजूला सारला गेला, कारण ही सूचना आपणच दुरुस्त करून घेतली आहे हे त्यांच्या मनात होते. पुढचे काम फार्मसीतल्या यंत्रमानवाकडे होते. माणसाने साडेअडतीस गोळ्या मोजताना कुठेतरी हात थांबवला असता. यंत्रमानवाने न चुकता पाकिटे भरली. त्या रात्री वॉर्डात दुसऱ्या विभागातून मदतीला आलेल्या सिस्टर होत्या. इतक्या गोळ्या पाहून त्यांना शंका आली. मात्र हा रुग्ण दुर्मीळ आजाराचा, औषध कदाचित प्रयोगातले असेल, असे त्यांना वाटले आणि खात्रीसाठी त्यांनी बारकोड स्कॅन केला. सूचनेत साडेअडतीस गोळ्या होत्या, हातात साडेअडतीस गोळ्या होत्या. यंत्राने सगळे जुळते असे सांगितले. मुलाने त्या सगळ्या गिळल्या. काही तासांनी त्याला मोठी आकडी (फिट) आली. उपचारांनंतर तो बरा झाला, हे सुदैव.

या प्रसंगात कोणतेही यंत्र बिघडलेले नव्हते. बारकोडने त्याला नेमून दिलेले काम चोख केले, कारण त्याचे काम सूचना आणि गोळी जुळतात का एवढेच पाहण्याचे आहे. सूचना शहाणपणाची आहे का, हे त्याला कोणी विचारलेले नसते. कागदाच्या काळात ही चूक होणे जवळजवळ अशक्य होते, कारण डॉक्टरांनी ‘सेप्ट्रा १ गोळी, दिवसातून दोनदा’ असे लिहिले असते आणि विषय संपला असता.

इशारे असे सहज का सारले जातात, याचे उत्तर त्याच रुग्णालयाच्या आकड्यांत मिळते. तिथे महिन्याला औषधांच्या सुमारे साडेतीन लाख सूचना भरल्या जात आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या सूचनांवर फार्मासिस्टला कोणता ना कोणता इशारा येत असे. अतिदक्षता विभागांचा हिशेब याहून थक्क करणारा आहे. ७७ खाटांच्या मॉनिटरांवर ३१ दिवसांत पंचवीस लाखांहून अधिक इशारे नोंदले गेले आणि कानावर पडणारे इशारे दिवसाला प्रत्येक खाटेमागे १८७ इतके होते. इतक्या गजरांत खरा गजर ओळखायचा तरी कसा? औषधविक्रेत्या कंपन्या पत्रकावर प्रत्येक बारीकसारीक धोका छापतात, सॉफ्टवेअर पुरवणारेही त्याच न्यायाने प्रत्येक धोक्याचा इशारा चालू ठेवतात; पुढे काही झालेच तर ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणता येते. त्याची किंमत वॉर्डातल्या माणसाचे लक्ष बोथट होण्यात मोजली जाते.

म्हणून चांगल्या रुग्णालयात इशाऱ्यांची नियमित छाटणी होते. कोणता इशारा किती वेळा आला आणि किती वेळा सारला गेला, हे संगणकच मोजून ठेवतो; जो इशारा शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा सारला जातो, तो बहुधा निरुपयोगी असतो किंवा चुकीच्या जागी येतो. थोड्याच बाबतींत, म्हणजे नेहमीच्या कमाल डोसच्या कित्येक पट डोस असेल किंवा नोंदलेल्या ॲलर्जीचेच औषध असेल, तिथे इशारा न देता वाट बंद करावी आणि वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय ती उघडू नये. हे काम विकत घेता येत नाही. त्यासाठी डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर आणि संगणक विभाग यांनी महिन्यातून एकदा तरी एका टेबलाभोवती बसावे लागते आणि माझ्या पाहण्यात निविदेच्या कागदपत्रांत या बैठकीसाठी रकाना नसतो.

वेळेचा मुद्दा याहूनही मोठा आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात २००२ मध्ये संगणकावर सूचना भरण्याची तयार प्रणाली अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे सुरू करण्यात आली. बाहेरून तातडीने हलवून आणलेल्या मुलांमधले मृत्यूचे प्रमाण त्यानंतरच्या काही महिन्यांत २.८ टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे तिथल्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये जाहीर केले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधे लिहून ठेवत. नव्या प्रणालीत रुग्ण येऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय सूचना भरताच येत नव्हती. कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या एका सूचनेला आता मिनिट-दोन मिनिटे लागत होती आणि तेवढा वेळ एक डॉक्टर खाटेपासून दूर, पडद्यासमोर अडकत होता. याच कंपनीची प्रणाली सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने पुढे बसवली, पिट्सबर्गच्या अनुभवातून शिकून नेहमी लागणाऱ्या सूचनांचे तयार संच आधी बनवून घेतले, आणि तिथे मृत्यूंत वाढ झाली नाही. सॉफ्टवेअर तेच असताना निकाल वेगळा आला, ही गोष्ट खरेदी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या ओपीडीला हे जसेच्या तसे लागू होते. ६७ देशांची आकडेवारी तपासणारा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीला मिळणारा वेळ सुमारे दोन मिनिटांचा आढळला. एक सूचना भरायला जर एक मिनिट लागत असेल, तर दोन मिनिटांच्या तपासणीत संगणक बसतो कुठे? तो रुग्णाच्या वाट्याच्या वेळेत बसतो. आरोग्य केंद्रातल्या एएनएम ताई (आरोग्यसेविका) आधी रजिस्टर भरतात आणि मग तेच ॲपमध्ये भरतात, तेव्हा पुन्हा न लिहिण्याचा तो मूळ फायदाच हातचा जातो. दोन नोंदींत फरक पडला तर तो जुळवण्याचे तिसरे काम मागे लागते. रजिस्टर बंद करण्याचे धाडस नसेल तर ॲप सुरू करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आतापर्यंत पाहिले ते एका रुग्णालयाच्या चार भिंतींतले. भारतातला रुग्ण मात्र एका ठिकाणी थांबत नाही. गावातल्या डॉक्टरांकडून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, मग पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात असा तो फिरतो आणि त्याचा वैद्यकीय इतिहास प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्याबरोबर फिरतो. पिशवीतले डिस्चार्ज कार्ड हरवले की आधी कोणते औषध चालू होते, कशाची ॲलर्जी आली होती, हे सगळे आठवणीवर येते. ‘ती पांढरी छोटी गोळी, सकाळची’ एवढीच माहिती डॉक्टरांच्या हाती लागते. या पिशवीला पर्याय म्हणून केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर केले, ते आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चालवून पाहिले आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू केले. त्यात रुग्णाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो. आजवर सत्तर कोटींहून अधिक क्रमांक निघाले आहेत. तो घेणे ऐच्छिक आहे.

आभा म्हणजे सरकारच्या एका मोठ्या संगणकात सगळ्यांचे रिपोर्ट साठवलेले आहेत, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. रचना यूपीआयसारखी आहे : पैसे ज्या त्या बँकेतच असतात, यूपीआय फक्त ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याची वाट देते. तसेच रुग्णाचा रिपोर्ट जिथे तयार झाला त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरांना तो हवा असेल तर ते मागणी नोंदवतात, ती रुग्णाच्या मोबाइलवर येते आणि त्याने होकार दिला तरच रिपोर्ट कुलूपबंद स्वरूपात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हा होकार नुसता हो किंवा नाही असा नसतो. माहिती कशासाठी हवी, कोणत्या प्रकारची हवी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची हवी आणि ती पाहण्याची मुभा कधी संपेल, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि दिलेला होकार नंतर मागेही घेता येतो. कागदावर ही योजना अतिशय विचारपूर्वक आखलेली आहे. खिडकीवर मात्र बऱ्याचदा ‘ओटीपी आला का, सांगा लवकर’ एवढ्यावर ती आटोपते आणि घरातल्या चौघांचा मोबाइल क्रमांक एकच असेल, तर सासूबाईंच्या तपासणीला होकार सुनेच्या फोनवरून जातो. गर्भपात, मानसिक आजार किंवा एचआयव्ही यांसारख्या बाबतीत याचे परिणाम काय होतील, हे वेगळे सांगायला नको.

रिपोर्ट एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचला, तरी तिथल्या संगणकाला तो समजला पाहिजे. कागदाचा फोटो किंवा स्कॅन माणसाला वाचता येतो, पण त्यातला आकडा उचलून आजींच्या मूत्रपिंडांचे गणित संगणकाला करता येत नाही. त्यातून एकाच तपासणीला एक लॅब ‘एचबीए१सी’ लिहिते, दुसरी ‘ग्लायकेटेड हिमोग्लोबिन’, तिसरी ‘ग्लायकोसायलेटेड एचबी’. म्हणून प्रत्येक तपासणीला आणि आजाराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देण्याच्या पद्धती आहेत : तपासण्यांसाठी लॉइंक, आजारांसाठी आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी. तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या वरच्या तपासणीचा लॉइंक क्रमांक ४५४८-४ आहे, मग लॅब नाशिकची असो की न्यूजर्सीची. ही माहिती कोणत्या साच्यात पाठवायची, हे फायर नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरते. भारतात या मानकांचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. वृत्तपत्रांत त्याचे नाव क्वचितच येते, पण आभाच्या पोटात काय दर्जाची माहिती असेल, हे याच कंटाळवाण्या कामावर ठरणार आहे. सध्या जोडल्या जाणाऱ्या कागदांत स्कॅन केलेल्या पानांचा भरणा मोठा आहे. त्यांनी पिशवी हलकी होते, आजींचा डोस काही बदलत नाही.

औषधांच्या बाबतीत आपल्याकडची अडचण आणखी वेगळी आहे, कारण एकाच घटकाची कितीतरी ब्रँडनावे बाजारात असतात. तापासाठी एकाने लिहिलेली गोळी आणि सर्दीसाठी दुसऱ्याने लिहिलेली गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. रुग्णाला दोन वेगळी औषधे दिसतात आणि यकृतापर्यंत मात्र एकाच औषधाचा दुप्पट डोस पोहोचतो. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला होता. संगणकाला ब्रँडमागचा घटक माहीत करून दिला, तर अशी दुहेरी औषधे तो क्षणात पकडू शकतो. त्यासाठी सगळ्या ब्रँडची घटकांसह अद्ययावत यादी कोणीतरी सतत राखावी लागते.

ऑक्टोबर २०२२ पासून ओपीडीच्या खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून नाव-पत्ता आपोआप भरला जाण्याची आणि टोकन मिळण्याची सोय सुरू झाली, ती लोकांच्या पसंतीस उतरली. केसपेपरच्या रांगेत पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या माणसाला तिचे मोल विचारावे. मात्र रांग लहान होणे आणि उपचार सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालांत पहिलीचा आकडा दुसरीच्या नावावर मांडला जातो.

संगणक बंद पडला तर काय, याचाही विचार आधीच करून ठेवावा लागतो. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणी, रुग्णांना दाखल करणे, प्रयोगशाळा ही कामे हाताने करावी लागली. अशा वेळेसाठी छापील कोरे चार्ट प्रत्येक वॉर्डात ठेवणे, दाखल रुग्णांच्या चालू औषधांची यादी दर काही तासांनी आपोआप एका वेगळ्या संगणकावर उतरवून घेणे, आणि नव्या सिस्टरांनाही कागदी चार्ट भरायला शिकवणे, ही तयारी स्वस्त आहे. विदासंरक्षणाचा २०२३ चा कायदा रुग्णालयांनाही लागू होणारा आहे. तो माहिती गळतीबद्दल जाब विचारेल, पण बंद पडलेल्या सर्व्हरमुळे रात्रीचा डोस चुकला तर त्याचा जाब रुग्णालयाने स्वतःलाच विचारायचा आहे.

रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या हाती असलेल्या दोन-तीन गोष्टी आजही करता येतात. डिस्चार्ज घेताना औषधांची यादी मूळ नावांसह मागून घ्यावी आणि घरी आधीपासून चालू असलेल्या औषधांपैकी कोणती बंद करायची, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. औषधाची ॲलर्जी आली असेल तर औषधाचे नाव आणि नेमके काय झाले, पुरळ आले की श्वास अडकला, हे नोंदणीच्या वेळी सांगून संगणकात भरून घ्यावे. नुसते ‘ॲलर्जी आहे’ एवढे भरले तर वरच्या निरुपयोगी इशाऱ्यांत एकाची भर पडते. आभा काढलेली असेल तर ॲपमध्ये होकारांची यादी असते. कोणत्या रुग्णालयाला कधीपर्यंत मुभा दिली आहे ते तिथे दिसते आणि उपचार संपले असतील, तर ती मुभा तिथूनच रद्द करता येते.